चार नंबरच्या ब्लॉकमधली गाडी

संगमनेरला रेल्वे नाही. आमच्या घरात या एका वाक्यासाठी जेवढा कागद छापला गेला, तेवढा दुसऱ्या कशासाठी छापला गेला नसेल. वडिलांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर घर चालतं आणि पत्रकांवर वडील चालतात. रेल्वे हवी, कालव्याचं आवर्तन वेळेवर सुटायला हवं, विडी वळणाऱ्या बायकांना त्यांचा हक्क मिळायला हवा, ताप आला तर अंगात येणाऱ्याकडे न जाता दवाखान्यात जा. मी वाचायला शिकले ती कच्च्या प्रुफांवर. दुसरीत असताना मला 'निषेध' लिहिता येत होतं आणि 'फुलपाखरू' येत नव्हतं.

त्यामुळे डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी लागली ती रेल्वे चालवायची, याची घरात बरीच थट्टा झाली. हायवेला लागून असलेल्या एका खासगी तंत्रशिक्षण संस्थेत मी प्रयोगशाळा सहायक होते. संस्थेच्या एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून मॉडेल रेल्वेचा मोठा संच पाठवला होता. खेळणं म्हणून नाही. डिजिटल कंट्रोल म्हणजे काय ते मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून.

ते दिसतही होतं. दोन रुळांतून वीज जाते आणि त्याच दोन रुळांतून हुकूमही जातो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप आणि चिपला एक नंबर. कंट्रोल बॉक्स हाक मारतो, 'तीन नंबर, पुढे चल.' हाक सगळ्या इंजिनांना ऐकू जाते, पण हलतं फक्त तीन नंबर. शिवाय पूर्ण रूळ आठ ब्लॉकमध्ये तोडलेला, सांध्यांत प्लास्टिकचे तुकडे घालून. प्रत्येक ब्लॉकला एक डिटेक्टर, म्हणजे सेन्सरची एक छोटी पट्टी. त्या ब्लॉकमधून थोडी जरी वीज ओढली गेली की डिटेक्टर म्हणतो, इथे गाडी उभी आहे. मग कॉम्प्युटर मागचा सिग्नल लाल करतो आणि मागून येणारी गाडी थांबवतो.

ही सगळी मांडणी ज्यांनी उभी केली त्यांना वर्कशॉपमध्ये सगळे चाचा म्हणत. वय साठीकडे झुकलेलं. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात उभं आयुष्य गेलं. हातात प्रमाणपत्र एकही नाही. संस्थेत ते अकरा महिन्यांच्या करारावर होते आणि तो करार वाढवायचा की नाही ते दरवर्षी जानेवारीत कमिटी येऊन ठरवायची. प्लायवूडच्या टेबलाखाली उताणं झोपून त्यांनी आठ ब्लॉकच्या तारा ओढल्या, प्रत्येक तारेला रंग, प्रत्येक टोकाला चिठ्ठी. अक्षर पहिलीच्या मुलासारखं गोल, पण चिठ्ठी एकही चुकलेली नाही. रुळांमधली खडी म्हणून त्यांनी क्रशरवरची बारीक कच आणली, साडीच्या तुकड्यातून चाळली आणि पातळ डिंकाने बसवली. मुलांसमोर ते मला मॅडम म्हणत. मुलं गेली की पोरी.

बिघाड नोव्हेंबरअखेरीस सुरू झाला. चार नंबरच्या ब्लॉकमध्ये कॉम्प्युटरला गाडी दिसायला लागली. ब्लॉक रिकामा. रूळ मोकळे. पण पडद्यावर चार नंबर लाल. मागची गाडी येऊन सिग्नलपाशी थांबायची, तिच्यामागची तिच्यामागे, आणि दहा मिनिटांत टेबलावरचं सगळं गाव ठप्प.

"चाचा, भूत बसलंय गाडीत!" मुलं ओरडायची.

"मग त्याला तिकीट इचार," चाचा टेबलाखालून म्हणायचे. "इनातिकीट आसंल तर उतरव."

पहिले चार दिवस हसण्यात गेले. मग कॉम्प्युटर शिकवणारे सर प्राचार्यांच्या खोलीत जाऊन आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सॉफ्टवेअर बरोबर आहे, डिटेक्टर त्यांनी स्वतः निवडून मागवलेत, राहिली वायरिंग. आणि डिजिटल वायरिंग म्हणजे कारखान्यातली मोटर जोडणं नव्हे. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "जानेवारीत कमिटी येतेय. देणगी देणारे पण येतायत. सकाळी दहाला डेमो. गाडी चालली नाही तर हा विभाग डिप्लोमा झालेल्या माणसाकडे द्यावा लागेल. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं! मी रागाने बाहेर आले. चाचांना सांगितलं तर ते पक्कड पुसत राहिले. पुसता पुसता म्हणाले, "या वयात दुसरं कोन ठेवून घेनार मला? कारखान्यात न्हाई, दुकानात न्हाई. गाडी चालाया पायजे, एवढंच." मग पुन्हा टेबलाखाली गेले.

तेव्हा मी जे केलं ते माझ्या घरात वाढलेलं कोणीही केलं असतं. मी पत्रक लिहिलं.

मथळा होता, 'नसलेल्या गाडीचा जाब कोणाला?' मी लिहिलं की संस्थेने हलक्या प्रतीचे डिटेक्टर घेतले, आता ते खोटं बोलतायत आणि त्यांच्या खोटेपणाची शिक्षा एका कष्टकऱ्याला दिली जातेय, कारण त्याच्याकडे कागद नाही. लिहिलं की ज्याच्या हातात पक्कड असते त्याच्याच माथी बिघाड मारायची या देशाची जुनी खोड आहे. चाचांचं नाव घातलं नाही, पण वर्कशॉपमधले सर्वांत ज्येष्ठ कारागीर असं लिहिलं, म्हणजे घातल्यासारखंच. वडिलांनी मजकूर वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"डिटेक्टर हलके आहेत हे तू पाहिलंस?"

"मला माहीत आहे."

"पाहिलंस का, असं विचारलं मी."

"बाबा, त्या माणसाची नोकरी जातेय."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मुलीच्या पहिल्या पत्रकाचा त्यांना आनंद झाला होता, तो त्यांना लपवता येत नव्हता. आईने घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या फाटकावर मी ती वाटली.

मला वाटलं होतं चाचा काहीतरी चांगलं बोलतील. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं, सावकाश, ओठ हलवत. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"मला इचारलं आसतंस तर बरं झालं आसतं, पोरी."

"तुमच्याच बाजूने लिहिलंय, चाचा."

"माझी बाजू आजून मलाच कुठं ठावं हाय? बिघाड घावू दे की आधी."

मी दुखावले गेले. आणखी दुखावले ते दुपारी, कारण कॉम्प्युटरचे सर हातात पत्रक घेऊन आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदा तरी डिटेक्टर तपासला का? चार आणि पाच नंबरचे अदलाबदल करून पाहा ना. दोन स्क्रू आहेत."

दोन स्क्रू. स्क्रू ड्रायव्हर माझ्या एप्रनच्या खिशातच होता. मी चार नंबरचा डिटेक्टर पाचला लावला आणि पाचचा चारला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला. डिटेक्टर खोटा असता तर आता लाल पाच नंबर व्हायला हवा होता. लाल झाला तो चारच.

म्हणजे डिटेक्टर खरं बोलत होता. फाटकावर वाटलेला प्रत्येक कागद खोटं बोलत होता.

मी ते चाचांना सांगितलं. ते 'बघ, मी म्हनलो नव्हतो का' असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "वही काढ. आता पद्धतशीर करू." आणि माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की हा माणूस इतके दिवस टेबलाखाली स्वतःचीच चूक शोधत होता. वायरिंग निर्दोष आहे असं मी छापून मोकळी झाले होते. ते सोल्डरचा प्रत्येक टाका पुन्हा उसवून पाहत होते, कारण चूक आपली असेल तर ती आपणच काढायची.

आम्ही वेळा लिहायला लागलो. चार नंबर लाल कधी होतो, कधी मोकळा होतो. आठवडाभरात वही बोलायला लागली. बिघाड सकाळचा होता. अकरापर्यंत लाल, ऊन चढलं की आपोआप हिरवा, दुपारभर गाड्या धडधाकट. म्हणून तर मुलांना तो भुताटकीचा वाटायचा. एक दिवस प्रवरेवरून इतकं धुकं आलं की हायवेवरचे ट्रक दिवे लावून चालले होते. त्या दिवशी चार नंबर संध्याकाळपर्यंत लालच राहिला.

"ओल," चाचा म्हणाले. "कुठंतरी ओल धरतीय."

मग त्यांनी तारा तोडायला सुरुवात केली. आधी डिटेक्टरपाशी तार सोडली, चार नंबर हिरवा झाला. म्हणजे दोष पुढे. तार जोडली आणि टेबलाच्या मध्यावर सोडली, तरी हिरवा. पुन्हा जोडली आणि शेवटी अगदी रुळाच्या खालचा टाका काढला. हिरवाच. म्हणजे तारेत काही नव्हतं. चिठ्ठ्या लावलेल्या त्यांच्या सगळ्या तारा निर्दोष होत्या.

"वायरिंग बरोबर आहे, चाचा!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मग वरती काय हाय ते बघ."

वर काय होतं? दोन रूळ आणि मधली खडी. चाचांनी मीटरच्या दोन सुया दोन रुळांवर टेकवल्या. इंजिन नाही, डबा नाही, तारा सोडलेल्या. काटा हलायचं काही कारणच नव्हतं. काटा हलला. थोडासा, पण हलला, आणि डिटेक्टरला तेवढं पुरे होतं. मी मुलींच्या होस्टेलवरून केस वाळवायचा ड्रायर आणला. गरम हवा खडीवर धरली तसा काटा हळूहळू मागे गेला.

मुंग्या तेव्हा दिसल्या. त्या आधीही होत्या. मुलं बिस्किटं खातात म्हणून मी त्यांना दोनदा झापलंही होतं. गरम हवेने त्या खडीतून बाहेर पडल्या, बारक्या लाल मुंग्या, चार नंबरवरच्या छोट्या स्टेशनच्या फलाटासमोर हातभर लांबीत. अलीकडे नाहीत, पलीकडे नाहीत. चाचांनी नखाने खडीचा एक कण उचलला, जिभेला लावला. आणि टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले.

"काय आहे?"

"नारळाचं पानी," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी सांगितलं. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा होते. लेथला, ड्रिलला, वेल्डिंगच्या यंत्राला हळद-कुंकू, झेंडूची माळ. नारळ फोडायचा मान वयाने मोठ्या कारागिराचा, म्हणून गेली काही वर्षं तो चाचाच फोडायचे. कारखान्यातही असंच असायचं, त्यात कोणाला वेगळं काही वाटायचं नाही. यंदा मुलं म्हणाली, चाचा, नवी गाडी आहे, नव्या टेम्पोपुढे फोडतात तसा हिच्यापुढे पण फोडा. त्यांनी खालच्या दगडावर नारळ फोडला आणि गाडी निघायच्या आधी रुळांवर पाणी शिंपडलं. अर्धी वाटी असेल. नंतर फडक्याने रूळ स्वच्छ पुसले. रूळ पुसले गेले. खडीत मुरलेलं पुसलं गेलं नाही. दसऱ्याच्या उन्हात ते वाळलं, आणि थंडी पडली, सकाळची हवा ओली झाली, तसं त्यातलं मीठ आणि साखर ओल धरायला लागली.

मला हे ठाऊक नव्हतं, कारण मी तिथे नव्हते. यंत्राला कुंकू लावायच्या मी विरोधात आहे. तसं आदल्या दिवशी मुलांना सांगून मी पूजेच्या वेळी सायकल स्टँडपाशी उभी राहिले होते. एक मुलगा हातात पेढा घेऊन धावत आला होता. "मॅडम, पेढा तरी घ्या. त्यात विचार नसतो, नुसता खवा असतो." मी पेढाही घेतला नव्हता. माझं तत्त्व तेव्हाही बरोबर होतं असं मला वाटतं. पण दहा पावलं आत जाऊन नुसती उभी राहिले असते, तर ते पाणी मी पडताना पाहिलं असतं.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघं चार नंबरची खडी खरवडत होतो. दातांच्या ब्रशने, कोमट पाण्याने. मग पुन्हा नवी कच, नवा डिंक. काम करताना माझ्या डोक्यात दोन वाक्यं भांडत होती. कमिटीने विचारलं तर 'खडीत ओलावा शिरला होता' असं सांगायचं. त्यात एक अक्षर खोटं नाही. आणि ते पूर्ण खरंही नाही. कागद नसलेल्या माणसाने, त्यातही मुसलमान नावाच्या माणसाने, यंत्रावर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. आजच्या हवेत त्याचं कोण काय करील याचा भरवसा मला नव्हता. एक जण म्हणेल यांना आपली पूजा कशाला हवी. दुसरा म्हणेल यांनी मुद्दाम केलं. मी चाचांना तसं म्हटलं.

"ओलावा म्हनायचं?" त्यांनी ब्रश थांबवला. "आन पुढच्या दसऱ्याला पोरं पुन्हा वतनार."

कमिटी आली त्या सकाळी धुकं होतं. दहा वाजता चार नंबर हिरवा होता. तीन गाड्या सुटल्या, स्टेशनात थांबल्या, एकमेकींना वाट देत फिरत राहिल्या. देणगीदार लहान मुलासारखे टेबलाभोवती चालत होते. टाळ्या झाल्या. मग कमिटीतल्या एका गृहस्थांनी खिशातून माझं पत्रक काढलं.

"यात तर लिहिलंय डिटेक्टर हलके आहेत. बदलले का?"

कॉम्प्युटरच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. "ते मी लिहिलं. ते चूक आहे. डिटेक्टर चांगले आहेत, मी न तपासता लिहिलं."

"मग बिघाड काय होता?"

माझ्या तोंडात 'ओलावा' आला होता. चाचा माझ्याआधी बोलले.

"खंडेनवमीला मी नारळ फोडला साहेब, त्याचं पानी रुळावर शिपडलं. खडीत मुरलं. चूक माझी हाय. आता काढलंय."

"तुम्ही फोडला?"

"वर्कशॉपमधी वयानं मोठा मीच हाय. दरसाली मीच फोडतो."

मला ज्याची भीती होती तसलं वाक्य कोणाच्याही तोंडून आलं नाही. प्राचार्यांनी चहा आणायला सांगितलं. एक मुलगा मागून हळूच म्हणाला, "आमीच सांगितलं होतं चाचांना," आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

आठ दिवसांनी चाचांना पत्र आलं. मुदत वाढवण्यात येत नाही. मी प्राचार्यांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते, मला बसायला सांगितलं.

"गाडीचा प्रश्न नाही. नारळाचा तर नाहीच, उलट तो माणूस खरं बोलला याचं कमिटीला कौतुक वाटलं. पण संस्थेची बदनामी करणारं पत्रक ज्याच्यासाठी निघतं, त्याला ठेवलं तर उद्या प्रत्येक जण पत्रक काढील, असं त्यांचं म्हणणं."

"पत्रक मी काढलं. मला काढा."

"तुम्ही त्यांच्यासाठीच काढलंत ना?" ते म्हणाले. "आणि तुमच्याकडे डिप्लोमा आहे. तुमची जागा भरायला वेळ लागेल."

मी लहानपणापासून अन्यायाबद्दल वाचत आले. तो करणारा नेहमी समोर असायचा: कारखानदार, सावकार, पुढारी. हा अन्याय कमिटीने केला, यात शंका नाही. पण त्याला लागणारा कागद माझ्या वडिलांच्या छापखान्यात छापला होता आणि मजकूर माझा होता. हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला.

मी राजीनामा लिहून चाचांकडे गेले. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं घर. चाचींनी चहा ठेवला. चाचांनी राजीनामा वाचून परत केला.

"ह्यानं तुला बरं वाटंल. मला काय?"

"मग मी काय करू?"

"गाडी बघ. त्या पोरांना तार सोडून बघायला शिकव. न्हाई तर पुन्हा भूत म्हनतील."

आठवड्याने मी पुन्हा गेले. यावेळी हातात दुसऱ्या पत्रकाचा मजकूर होता, न छापलेला. पहिलं पत्रक चुकीचं होतं, डिटेक्टर आणि वायरिंग दोन्ही निर्दोष होते, बिघाड कशाने झाला, तो कोणी शोधला, कमिटीसमोर कोण स्वतःहून खरं बोललं आणि माझ्या चुकीची शिक्षा कोणाला झाली, सगळं लिहिलं होतं. शेवटी चाचांच्या प्रामाणिकपणावर एक परिच्छेद होता. मला तो फार आवडला होता.

"आधी तुम्हाला दाखवायला आणलं," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. ओट्यावर उजेडाला बसून, ओठ हलवत, दोनदा वाचलं. मग माझं पेन मागितलं. शेवटच्या परिच्छेदावर एक आडवी रेघ मारली, सरळ, पट्टी न घेता.

"हे नगं."

"का? खरं आहे ते."

"आसंल. पन वाचनाऱ्याच्या कामाचं न्हाई."

त्या रेघेखाली जागा उरली होती. तिथे त्यांनी त्यांच्या गोल अक्षरात दोन ओळी लिहिल्या, कागद माझ्याकडे सरकवला आणि चाचींना म्हणाले, चहा गार झाला, दुसरा टाक. वडिलांनी ते पत्रक त्या ओळींसकट छापलं. फाटकावर मी ते वाटलं. फार कोणी वाचलं नाही. ज्यांनी शेवटपर्यंत वाचलं, त्यांना तिथे हे मिळालं:

'चार नंबर ब्लॉकची खडी दर दसऱ्यानंतर थंडी पडली की सकाळी मीटर लावून तपासावी. काटा हलला तर आधी रुळाकडे बघावे, माणसाकडे नंतर.'